एका दिवसात किती बघायचं?

गोव्यात राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न जन्मभर पुरतो. मुंबईहून, पुण्याहून, बेळगावहून कुणाचा तरी फोन येतो, "अहो, आमच्याकडे एकच दिवस आहे. काय काय बघता येईल?" मग आपण सांगायला लागतो. मंगेशी, म्हार्दोळ, जुनं गोवं, संध्याकाळी मिरामार... तेवढ्यात पलीकडचा माणूस विचारतो, "आणि दूधसागर?" आपण फोन कानापासून लांब धरून हसतो. आमचं घर फोंड्याकडे, अंत्रुज महालात. पर्यटकांच्या बसगाड्या आमच्या रस्त्यावरून रोज जातात. देवळासमोर थांबतात, माणसं भराभर चपला काढतात, हात जोडतात, दीपमाळेसमोर फोटो काढतात, चपला घालतात आणि वीस मिनिटांत पुढच्या ठिकाणी. आम्ही सोप्यावर बसून हे सगळं वर्षानुवर्षं बघत आलो आहोत, आणि खरं सांगायचं तर थोडं हसतही आलो आहोत.

२०२५ च्या फेब्रुवारीत पाळी उलटली. बसगाडीत आम्ही, आणि सोप्यावर दुसरं कुणीतरी.

त्याचं झालं असं. धाकटा भाऊ ह्यूस्टनला असतो. त्याच्याकडे आईला घेऊन मी आणि बायको गेलो होतो. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. "पुन्हा येणं होईल असं वाटत नाही," असं ती निघतानाच म्हणाली होती. आम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भावाने ठरवलं की सगळ्यांनी मिळून चार दिवस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जायचं. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागत नाही, आणि ह्यूस्टनहून कॅनकुन म्हणजे दोन-अडीच तासांचं विमान. प्लाया देल कार्मेन या गावात घर भाड्याने घेतलं. चारातला एक दिवस 'माया संस्कृती'साठी राखून ठेवला.

भाऊ इंजिनिअर. त्याने त्या एका दिवसाचा तक्ता केला. पहाटे पाचला निघणे. आठला चिचेन इत्सा, जिथला पिरॅमिड तीस मीटरच्या आसपास उंच आहे. अकराला सेनोटे, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून तयार झालेला गोड्या पाण्याचा खोल डोह. दोनला तुलुमचे समुद्रकाठचे अवशेष. चारला समुद्रस्नान. सातला जेवण. एकूण प्रवास चारशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे जवळजवळ पणजीहून कोल्हापूरला जाऊन परत! तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती : "आई घरी. दादा सोबत."

ती ओळ वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट मनातून थोडं बरंच वाटलं. पहाटे उठणं नको, उन्हात फिरणं नको, आईला हात धरून चालवणं नको. वर लोकांना वाटणार, थोरला मुलगा आईसाठी मागे राहिला. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

बोलली ती माझी बायको. "आईंना विचारलं का कुणी?"

"वहिनी, तिच्या भल्यासाठीच ना," भाऊ म्हणाला. "ऊन, चालणं, पायऱ्या. उगाच काही झालं तर?"

आई तिथेच बसून कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन दिवस विमानात पाय आखडून आले, ते भाड्याच्या घराच्या भिंती बघायला नव्हे रे पुता." मग थोडं थांबून, "आपल्या दारात बसगाड्या येतात ना, तसं मला बघायचं नाही. तुम्ही चार ठिकाणं बघून या हवी तर. मला एकच दाखवा. पण जे दाखवाल तिथे मला बसू द्या."

कुणीच काही बोललं नाही. भावाने तक्ता मिटला. मी पाणी प्यायला आत गेलो.

त्या रात्री नवा बेत ठरला. एकच ठिकाण, तुलुम. चिचेन इत्सा नाही, सेनोटे नाही. चौदा वर्षांच्या पुतणीने थोडी कुरकुर केली, पण तुलुमला अवशेषांच्या पायथ्याशीच समुद्र आहे म्हटल्यावर तिची समजूत पटली. नऊ वर्षांच्या पुतण्याला दगडांचं काहीच नव्हतं, त्याला वाळू हवी होती. आणि आईसाठी तुलुमच सोयीचं होतं. आतली जमीन बरीचशी सपाट, इमारती बुटक्या. शिवाय तिथल्या मुख्य इमारतीवर चढायला आता कुणालाच परवानगी नाही. म्हणजे ज्याला चढता येतं आणि ज्याला येत नाही, दोघांनी खालूनच बघायचं!

एक ठिकाण ठरलं की बाकीच्या गोष्टी नीट बघायला सवड मिळते. आम्हाला काय काय कळलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे रविवारी जाऊ नये. मेक्सिकोतल्या पुरातत्त्व स्थळांवर रविवारी तिथल्या नागरिकांना फुकट प्रवेश असतो. ते योग्यच आहे, आपलं घर बघायला आपण तिकीट का काढावं? पण मग पाहुण्याने तरी त्या दिवशी गर्दी करू नये. दुसरं, सकाळी दरवाजा उघडता उघडता पोचावं. तुलुमचा अक्षांश वीसच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या नाशिक-डहाणूच्या रेषेत. ऊन ओळखीचंच, पण सावली फार थोडी. तिसरं, तिकीट एक नसतं. आता त्या सगळ्या परिसराचं मोठं उद्यान केलेलं आहे. त्याचा आकार वेगळा, पुरातत्त्व खात्याचा वेगळा. म्हणून खिशात पेसो असावेत. चौथं, समुद्राचं. २०११ पासून त्या किनाऱ्यांवर सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी येऊन पडतं. साधारण एप्रिल ते ऑगस्ट त्याचा जोर. हिरवंनिळं पाणी बघायला गेलेल्यांना मग कुजक्या वासाचा लाल-तपकिरी काढा बघावा लागतो. फेब्रुवारीत आम्ही बरेचसे सुरक्षित होतो. पाचवं, समोर समुद्रात पोवळ्यांची भिंत आहे, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याने सुमारे हजार किलोमीटर पसरलेली. तिला अंगाला फासायच्या मलमातल्या रसायनांचा त्रास होतो. म्हणून मलमाऐवजी लांब बाह्यांचे कपडे आणि टोपी.

आणि सहावं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं : घडीचं स्टूल. आईला चाकांची खुर्ची सुचवून बघितली. "मला काय देवाची पालखी समजलात?" म्हणाली. स्टूल मात्र चाललं. ते मी उचलायचं ठरलं.

गाडी चालकासकट ठरवली. चालक चाळिशीतला, बुटका, रुंद खांद्यांचा. भाऊ टेक्सासात शिकलेलं मोडकंतोडकं स्पॅनिश बोलत होता, तो हसून हसून उत्तरं देत होता. साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना बुटकं रान. वाटेत चालकाला फोन आला. तो जे बोलला ते स्पॅनिश नव्हतं. शब्दांच्या मध्येच घशात हलकेच अडकून पुढे जाणारी भाषा. भावाने विचारलं तेव्हा म्हणाला, "आई होती. आम्ही घरी माया बोलतो."

पुतण्या मागून एकदम पुढे झुकला. शाळेत त्याला 'माया लोक नाहीसे झाले' एवढंच ठाऊक झालं होतं. नाहीसा झालेला माणूस गाडी चालवतो आहे, आणि वर आईशी फोनवर बोलतो आहे!

युकातानच्या माया भाषेचे बोलणारे २०२० च्या जनगणनेत पावणेआठ लाखांच्या आसपास होते. नाहीसे झालेल्यांची संख्या काही कमी नाही. चालकाने पुतण्याला एक वाक्य शिकवलं, "बिश अ बेल?" कसा आहेस, असं विचारायचं असलं की हे म्हणतात. शब्दशः अर्थ, तुझी वाट कशी आहे? उत्तर, "मालोब", म्हणजे चांगली. पुतण्याने ते दिवसभर सगळ्यांना विचारून भंडावून सोडलं. गंमत अशी की आजीशी तो एरवी इंग्रजीतच बोलतो. त्या दिवशी तिला "बिश अ बेल, आजी?" असं विचारलं, आणि तिने "मालोब" म्हटल्यावर मोठ्याने हसला. मग त्यानेच विचारलं, "आजी, आपल्यात काय म्हणतात?" आईने सांगितलं, "कशें आसा?" त्याने तेही म्हणून बघितलं.

वाहनतळापासून अवशेषांपर्यंत झाडीतून चालावं लागतं. आम्ही चाललो म्हणण्यापेक्षा आई चालली आणि आम्ही तिच्यामागून गेलो. तीनदा स्टूल उघडलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा ती एका झाडाखाली बसली, वर बघितलं, हाताला येणारी फांदी वाकवून पान दुमडून त्याचा चीक बघितला आणि ओरडली, "अरे, हो चिकू मरे!"

भाऊ म्हणाला, "आई, इथे कुठला चिकू?"

आई बरोबर होती. चिकू मूळचा तिथलाच. आपण 'चिकू' म्हणतो तो शब्दही मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेवरून आलेला. त्याच्या खोडाला तिरप्या चिरा पाडून काढलेल्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम करत असत, आणि तो चीक काढणाऱ्यांच्या टोळ्या याच रानात राबत. त्याचं लाकूड इतकं चिवट की माया देवळांच्या दारांवर तुळया घातल्या त्या चिकूच्या. आपल्या परसातला पेरू, पपई, सीताफळ, मिरची ही सगळी मंडळी अशीच अमेरिकेतून जहाजांतून आली आणि इतकी आपली झाली की मिरचीशिवाय हुमण कसं करायचे, हे आज आपल्याला सांगता यायचं नाही. आमच्या परसात विहिरीपाशी चिकू आहे. बाबांनी लावलेला. आई त्या झाडाखाली नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बसली. कुणी घाई केली नाही.

तुलुम म्हणजे तट. गावाला तीन बाजूंनी दगडी तट आहे, तीन ते पाच मीटर उंच, काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत जाड. चौथ्या बाजूला बारा मीटरचा कडा आणि खाली समुद्र. तटाला पाच दरवाजे, तेही अरुंद. त्यातल्या एकातून आम्ही आत शिरलो. आई थांबली, दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला. आमच्या मागे रांग होती, पण कुणी ढकललं नाही.

जुनं नाव 'झामा' असावं असं म्हणतात, अर्थ पहाट. आपण दर्यात सूर्य बुडताना बघणारी माणसं. इथे समुद्र पूर्वेला, सूर्य पाण्यातून वर येतो. तेराव्या ते पंधराव्या शतकात हे गाव भरभराटीला आलं. ते व्यापाराचं बंदर होतं. होड्यांतून मीठ, मध, कापूस, कोको यायचं-जायचं, ग्वाटेमालाकडचा ऑब्सिडियन यायचा, म्हणजे सुरीपेक्षा धारदार ज्वालामुखी काच. कोकोच्या बिया तर नाणी म्हणून चालत. मुख्य इमारतीला स्पॅनिशांनी 'कास्तियो', म्हणजे किल्ला, म्हटलं. खरं तर ते देऊळ, उंची साडेसात मीटर. चिचेन इत्साच्या चौथ्या हिश्श्याएवढंच. पण कड्याच्या टोकावर उभं असल्याने समुद्रावरून येणाऱ्याला ते लांबून दिसत असणार. आणखी एका देवळाच्या दारावर एक देव कोरलेला आहे, डोकं खाली आणि पाय वर, आकाशातून सूर मारल्यासारखा. काहींच्या मते तो मधमाश्यांचा देव. पुतण्या म्हणाला, "हा बरोबर आपल्यासारखा. पोहायला चाललाय."

१५१८ मध्ये हुआन दे ग्रिहाल्वाची स्पॅनिश जहाजं या किनाऱ्याने गेली. आपल्याकडे पोर्तुगीज येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्यांच्याबरोबरच्या पाद्र्याने किनाऱ्यावर दिसलेल्या एका मोठ्या गावाचं वर्णन करताना सेव्हिल शहराशी तुलना केली. ते गाव हेच, असं मानतात. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत गाव ओस पडलं. तलवारीपेक्षा आजारांनी जास्त माणसं नेली.

स्टुलावर बसलेल्या आईला मी हे सांगत होतो. १५६२ च्या जुलैत माणी नावाच्या गावी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया मूर्ती आणि माया लिपीतले ग्रंथ जाळले. आज जगात तसे चारच ग्रंथ उरले आहेत. त्याच लांदाने नंतर माया लोकांबद्दल जे लिहून ठेवलं, त्यावर अभ्यासक आजही विसंबतात. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या इन्क्विझिशनच्याच वेळचं." खरंच की. गोव्यात ते १५६० ला सुरू झालं. त्याच साली कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला.

"आपल्याला नदीपलीकडे जागा होती," आई म्हणाली. "यांना?"

यांना रान होतं. १८४७ साली याच भागातल्या माया लोकांनी उठाव केला आणि १९०१ पर्यंत रानातलं आपलं राज्य टिकवलं. तुलुमही त्यांच्या ताब्यात होतं. हे मला आधी माहीत नव्हतं, तक्ता मिटल्यावर मिळालेल्या सवडीत वाचलं. तक्त्याप्रमाणे गेलो असतो तर दुपारी दोनच्या उन्हात चाळीस मिनिटं मिळाली असती. वीस मिनिटांवाल्या बसगाड्यांपेक्षा दुप्पट, एवढंच.

आम्ही आत तीन तास होतो. दगडांवर घोरपडीएवढे इग्वाना ऊन खात पडले होते. पुतणीने त्यांचे फोटो काढले, मग आजीचे काढले. भाऊ बराच वेळ आईशेजारी जमिनीवर बसून होता. ह्यूस्टनच्या घरात मी त्याला आईशेजारी असा बसलेला बघितला नव्हता, तिथे तो सतत काहीतरी आणून देत असायचा. काय बोलले माहीत नाही. मी जवळ गेलो तेव्हा आई त्याला चिकूच्या कलमाबद्दल सांगत होती.

देवळाखालच्या छोट्या पुळणीवर पूर्वी व्यापाऱ्यांच्या होड्या लागायच्या. तिथे आम्ही गेलो नाही, दक्षिणेला लागून असलेल्या सार्वजनिक किनाऱ्यावर गेलो. वाळू पांढरी, पोवळी आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, उन्हातही फारशी तापत नाही. पोवळ्यांची भिंत बाहेरच लाटा मोडते, त्यामुळे पाणी शांत. मेक्सिकोच्या कायद्याने समुद्रकिनारा सगळ्यांचा असतो, पण किनाऱ्यापर्यंत जायची वाट कुणाची, यावर तिथे भांडणं होतात. आपल्याकडे ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

पोरं पाण्यात गेली. आईने लुगडं घोट्याच्या वर धरलं, एका हाताला भाऊ, दुसऱ्याला मी. पाणी गुडघ्यांना लागलं तेव्हा म्हणाली, "ऊन ऊन आहे रे. गुडघ्यांना बरं वाटतं." दहा मिनिटं आम्ही तिघं तसेच उभे होतो. लहानपणी ती आम्हा दोघांना मिरामारला असंच धरून उभी करायची. हे माझ्या मनात आलं, आणि भावाच्याही आलं असावं, कारण तो दुसरीकडे बघत होता.

परतीच्या वाटेवर आई गाडीत झोपली. चालकाने न सांगता गाडी हळू केली.

आता आम्ही घरी आहोत. परवाच एक फोन आला, "एकच दिवस आहे. काय काय बघता येईल?" पूर्वीसारखा मी हसलो नाही आणि नावांची यादीही दिली नाही. विचारलं, "बरोबर कोण कोण आहे?" पलीकडून उत्तर आलं की वडील आहेत, ब्याऐंशी वर्षांचे, पण ते हॉटेलवरच राहतील.

"त्यांना विचारलंत?" मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मी सांगितलं, एक देऊळ बघा, सकाळी लवकर. मग एक किनारा, ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात आमच्याकडे जेवायला या.

आतून आई ओरडली, "आणि स्टूल आपल्याकडे आहे म्हणून सांग!"